दुर्बिणीला आकाश कसं ओळखता येतं? आपोआप अलाइन होणाऱ्या टेलिस्कोपची सविस्तर माहिती

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. तारीख ८. गुरू नुकताच सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला होता, म्हणजे तो पाहण्यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ. मित्राकडून कॉम्प्युटराइज्ड दुर्बीण मागून आणली आणि रात्री आठला सोसायटीच्या गच्चीवर लावली. पंधरा-वीस मुलं आणि त्यांचे आई-बाबा रांगेत उभे. मी हँड कंट्रोलरमध्ये गाव, वेळ आणि तारीख भरली. त्याने जुळणीसाठी पहिला तारा सुचवला: अँटारेस. मोटर घूं-घूं करत दक्षिणेला वळली आणि दुर्बीण काळ्या आकाशाकडे बघत थांबली. तिथे तारा नव्हताच. वैतागून थेट गुरू निवडला, तर स्क्रीनवर संदेश आला की गुरू क्षितिजाखाली आहे.

रांगेतली एक मुलगी पूर्वेकडे बोट दाखवून म्हणाली, “दादा, तो काय तिकडे चमकतोय!”

ती बरोबर होती. चूक माझी होती. मी आपल्या सवयीने तारीख ०८/१२ अशी भरली होती आणि अमेरिकन पद्धतीने महिना आधी वाचणाऱ्या त्या कॉम्प्युटरला ती १२ ऑगस्ट वाटली. ऑगस्टच्या संध्याकाळी अँटारेस, म्हणजे आपली ज्येष्ठा, खरंच दक्षिणेला असते आणि त्या वर्षी ऑगस्टात रात्री आठला गुरू खरंच क्षितिजाखाली होता. कॉम्प्युटरचं गणित अचूक होतं, फक्त ते दुसऱ्याच रात्रीचं होतं. माझी चूक मला सापडेपर्यंत निम्मी मुलं जेवायला निघून गेली होती.

“बटण दाबा, तारा दिसेल” असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, पण त्या बटणामागे नक्की काय घडतं हे कळलं नाही, तर अशी रात्र कुणावरही येऊ शकते. म्हणून हा लेख. या दुर्बिणी काम कसं करतात, तुमच्या फोनचा त्यात काय वाटा असतो, आपल्याकडे वापरताना कुठे अडकायला होतं आणि पैसे घालण्याआधी काय विचार करावा, ते सगळं एका जागी.

## दुर्बिणीला नेमकं काय माहीत नसतं?

आकाशातल्या प्रत्येक ताऱ्याला एक पत्ता असतो. पृथ्वीवर जसे अक्षांश-रेखांश, तसे आकाशात क्रांती आणि विषुवांश. हा पत्ता जवळजवळ कायमचा असतो. हँड कंट्रोलरच्या मेमरीत अशा हजारो पत्त्यांची यादी असते. लोकप्रिय मॉडेलमध्ये तर चाळीस हजारांवर.

पण दुर्बिणीच्या मोटरना हा पत्ता समजत नाही. स्टँडवरच्या भागाला, ज्याला माउंट म्हणतात, दोनच गोष्टी जमतात: आडवं फिरणं आणि वर-खाली होणं. आडव्या फिरण्याच्या मापाला दिगंश म्हणतात आणि क्षितिजापासूनच्या उंचीला उन्नतांश. म्हणजे “विषुवांश इतका, क्रांती इतकी” या पत्त्याचं भाषांतर “इतकं उजवीकडे वळ, इतकं वर हो” असं करावं लागतं. त्यासाठी कॉम्प्युटरला तीन प्रश्नांची उत्तरं हवीत:

१. मी पृथ्वीवर कुठे आहे?
२. आत्ता किती वाजलेत आणि तारीख काय?
३. माझं तोंड कुठे आहे, आणि मी सरळ उभा आहे की वाकडा?

पहिल्या दोन उत्तरांवरून आत्ता डोक्यावर कुठलं आकाश आहे ते कळतं. तिसऱ्या उत्तरावरून त्या आकाशाशी दुर्बिणीचं नातं जुळतं. या जुळणीलाच अलाइनमेंट म्हणतात. गेल्या चाळीसेक वर्षांत या क्षेत्रात जी प्रगती झाली, ती मुख्यतः याच तीन प्रश्नांची उत्तरं माणसाऐवजी यंत्राने कशी द्यायची याची आहे.

चुकीची किंमत किती? पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश तासाला साधारण १५ अंश सरकतं. म्हणजे घड्याळ ४ मिनिटं चुकलं की १ अंशाची चूक. १ अंश म्हणजे शेजारी-शेजारी ठेवलेले दोन पूर्णचंद्र. कमी मॅग्निफिकेशनच्या आयपीसमधून साधारण एवढंच आकाश दिसतं. त्याहून जास्त चूक झाली की ग्रह आयपीसच्या बाहेर. आणि तारीख चुकली तर? आकाश रोज सुमारे १ अंश पुढे सरकतं. माझी तारीख ११८ दिवसांनी चुकली होती. पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

## थोडा इतिहास

हौशी लोकांना विकत घेता येईल अशी कॉम्प्युटराइज्ड दुर्बीण १९८७ मध्ये अमेरिकेतल्या सेलेस्ट्रॉन कंपनीने ‘कॉम्पुस्टार’ नावाने आणली. ती महाग होती, पण कल्पना रुजली. १९९२ मध्ये मीड कंपनीची ‘एलएक्स २००’ आली आणि घराच्या अंगणातून आकाश बघणाऱ्यांमध्ये ‘गो-टू’ हा शब्द रूढ झाला. १९९९ च्या सुमारास मीडने छोट्या ‘ईटीएक्स’ दुर्बिणींना ‘ऑटोस्टार’ हँड कंट्रोलर जोडला. हे तंत्रज्ञान बॅगेत मावू लागलं आणि किंमतही खाली आली.

मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसच्या अचूकतेवर मुद्दाम ठेवलेली मर्यादा काढली. त्यानंतरच्या काही वर्षांत जीपीएस बसवलेल्या दुर्बिणी बाजारात आल्या. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आता उपग्रह देऊ लागले. राहिला तिसरा प्रश्न. त्यासाठी २००९ मध्ये मीडने ‘लाइटस्विच’ मालिकेत दुर्बिणीवरच एक छोटा कॅमेरा बसवला. २०११ मध्ये सेलेस्ट्रॉनची ‘स्कायप्रॉडिजी’ आली. तिचा कॅमेरा आकाशाचे फोटो काढून स्वतःच जुळणी करायचा. बटण दाबा, थोडा वेळ थांबा, दुर्बीण तयार.

पुढे तोच कॅमेरा तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे हे कंपन्यांच्या लक्षात आलं. त्याबद्दल पुढे बोलूच.

## अलाइनमेंटच्या तीन पिढ्या

पहिली: दोन ताऱ्यांची जुळणी. दुर्बीण ओळखीच्या एका ताऱ्याकडे नेऊन तो आयपीसच्या मधोमध आणायचा आणि “हा स्वाती” असं सांगायचं. मग दुसरा तारा: “ही चित्रा”. एका ताऱ्यावरून दिशा कळते, पण स्टँड वाकडा असेल तर ते कळत नाही. दोन ताऱ्यांवरून दोन्ही कळतं. म्हणून स्टँड अगदी ओळंब्यात नसला तरी चालून जातं. दोन तारे एकमेकांच्या फार जवळ नकोत आणि अगदी समोरासमोरही नकोत. मध्ये साधारण ९० अंशांचं अंतर असेल तर उत्तम.

गंमत म्हणजे दोन तारे नीट जुळवले की वेळेची आणि जागेची छोटी चूक बऱ्याच अंशी त्यातच सामावून जाते, कारण आता दुर्बीण थेट ताऱ्यांच्या आधारे मोजत असते. चंद्र आणि ग्रहांचं मात्र तसं नाही. ते ताऱ्यांमधून सरकत असतात, त्यामुळे त्यांची जागा काढायला तारीख-वेळ लागतेच.

दुसरी: कोणतेही तीन. २००० च्या दशकाच्या मध्यात सेलेस्ट्रॉनने ‘स्काय-अलाइन’ आणलं. यात ताऱ्याचं नाव माहीत असण्याची गरज नाही. आकाशातल्या कोणत्याही तीन ठळक वस्तूंवर दुर्बीण एकेक करून न्यायची. कॉम्प्युटर त्या तिघांमधली कोनीय अंतरं मोजतो आणि “आत्ता वर असलेल्या ठळक ताऱ्यांपैकी अशी अंतरं कोणत्या तिघांत आहेत?” हे यादीत शोधतो. रस्ता चुकल्यावर आपणही असंच करतो ना? “डावीकडे पेट्रोल पंप, समोर देऊळ, मागे शाळा, म्हणजे आपण अमक्या चौकात आहोत.”

तिसरी: कॅमेरा. तीन ताऱ्यांवरून जागा ओळखता येत असेल, तर एका फोटोतल्या पन्नास ताऱ्यांवरून का नाही? हीच प्लेट सॉल्व्हिंगची कल्पना. ‘प्लेट’ हा शब्द जुन्या काळातला आहे. तेव्हा खगोलशास्त्रज्ञ काचेच्या फोटोग्राफिक प्लेटवर आकाश टिपायचे.

## प्लेट सॉल्व्हिंग: ताऱ्यांचं फिंगरप्रिंट

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग हा. समजा, आकाशाचा एक फोटो दिलाय. कुठल्या दिशेचा, किती झूमचा, सरळ की उलटा, काहीच माहीत नाही. हा फोटो आकाशातल्या नेमक्या कोणत्या तुकड्याचा आहे?

यावरची सर्वात प्रसिद्ध पद्धत ‘अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट’ या प्रकल्पाने रूढ केली. डस्टिन लँग, डेव्हिड हॉग आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सोप्या शब्दांत ती अशी:

१. फोटोतले ठळक ठिपके शोधा आणि प्रत्येकाचा नेमका मध्य काढा.
२. त्यातले चार तारे घ्या. चौघांपैकी सर्वात लांबचे दोन तारे म्हणजे मोजपट्टीची दोन टोकं.
३. उरलेले दोन तारे या मोजपट्टीच्या हिशेबाने कुठे आहेत ते चार आकड्यांत लिहा. फोटो फिरवला किंवा झूम केला तरी हे चार आकडे बदलत नाहीत. हे त्या चौकडीचं फिंगरप्रिंट.
४. साऱ्या आकाशातल्या चौकड्यांची फिंगरप्रिंट आधीच काढून ठेवलेली असतात. त्यांत आपली शोधा.
५. जुळणी सापडली तर खातरजमा करा: “हा तुकडा खरंच तोच असेल, तर अमक्या जागी आणखी एक तारा दिसायला हवा. दिसतोय का?” पुरेसे तारे जागच्या जागी सापडले की उत्तर पक्कं.

रेस्टॉरंटमध्ये वाजणारं गाणं ओळखणारं अ‍ॅप तुम्ही वापरलं असेल. तेही पूर्ण गाणं ऐकत नाही, आवाजातल्या काही ठळक बिंदूंचं फिंगरप्रिंट काढून यादीत शोधतं. प्लेट सॉल्व्हिंग म्हणजे आकाशासाठी केलेलं तेच काम. प्रत्येक उत्पादनाचं स्वतःचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, पण मूळ विचार हाच: ताऱ्यांची आपापसातली रचना ओळखायची.

मग प्रश्न येतो: कॅमेऱ्याला दिशा कळत असेल, तर वेळ आणि जागा कशाला हवी? तीन कारणांसाठी. ग्रह-चंद्र आज कुठे आहेत हे काढायला, कोणती वस्तू क्षितिजाच्या वर आहे ते ठरवायला, आणि आकाश सरकेल तसं दोन्ही मोटरनी किती वेगाने त्याच्या मागे जायचं ते ठरवायला.

हा शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण महत्त्वाचा आहे. २०० पट मॅग्निफिकेशनला आयपीसमध्ये जेमतेम पाव अंश आकाश दिसतं. मोटर नसेल तर ग्रह एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला साधारण एका मिनिटात निघून जातो. रांगेत वीस जण असतील तर प्रत्येकासाठी दुर्बीण पुन्हा लावावी लागते. मोटर असेल तर ग्रह जागेवर राहतो.

## फोनमध्ये सगळं आहे, मग फोनच का नको?

जीपीएस आहे, अचूक घड्याळ आहे, कंपास आहे, कल दाखवणारा सेन्सर आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरं फोनकडे आहेत. मग फोन दुर्बिणीला बांधला की झालं?

प्रयोग करून बघा. स्काय मॅपचं कोणतंही अ‍ॅप उघडा आणि फोन एखाद्या ठळक ताऱ्यासमोर धरा. स्क्रीनवरचा तारा आणि खरा तारा यांच्यात बऱ्याचदा काही अंशांचा फरक दिसेल. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते, त्यावरून फरकाचा अंदाज घ्या. नुसत्या डोळ्यांनी बघताना हा फरक चालतो. आयपीसमध्ये एकच अंश दिसत असताना नाही चालत.

दोष मुख्यतः कंपासचा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एक अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे अडचण ती नाही. अडचण आहे आजूबाजूच्या लोखंडाची: गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया, पाण्याच्या टाकीचा स्टँड, दुर्बिणीचा स्टीलचा ट्रायपॉड आणि फोन कव्हरचं मॅग्नेट. कंपास या सगळ्यांना भुलतो. तारे कोणालाच भुलत नाहीत.

म्हणून २०२० मध्ये सेलेस्ट्रॉनने ‘स्टारसेन्स एक्स्प्लोरर’ आणली. दुर्बिणीवर फोन ठेवायला एक खाच असते आणि तिच्याखाली छोटा आरसा. आरशातून आकाश फोनच्या कॅमेऱ्याला दिसतं, अ‍ॅप फोटो काढून प्लेट सॉल्व्ह करतं आणि स्क्रीनवर बाण दाखवतं: इकडे ढकला, अजून थोडं, बस. खूण हिरवी झाली की वस्तू आयपीसमध्ये. दुर्बीण हलत असताना मोशन सेन्सर अंदाज देतात. ती थांबली की कॅमेरा पुन्हा खात्री करतो.

इथे मोटर नाही. ढकलायचं काम तुमचं. यालाच ‘पुश-टू’ म्हणतात. मोटर आणि गिअरचे वाचलेले पैसे मोठ्या आरशात घालता येतात, हा याचा मोठा फायदा. तोटा असा की ट्रॅकिंग मिळत नाही. आणि एक गोष्ट विकत घेण्याआधी तपासा: प्रत्येक फोन चालत नाही. कंपनी चालणाऱ्या फोनची यादी देते. तुमचं मॉडेल त्यात आहे का ते आधी बघा.

## स्मार्ट टेलिस्कोप: आयपीसच नाही

याच्या पुढची पायरी म्हणजे ज्यात डोळा लावायला जागाच नसते अशी दुर्बीण. युनिस्टेलर आणि व्हाओनिस या फ्रेंच कंपन्यांनी सुरुवात केली. २०२३ मध्ये झेडडब्ल्यूओची ‘सीस्टार एस ५०’ आली आणि त्यामुळे हा प्रकार बऱ्याच जणांच्या आवाक्यात आला. लेन्स फक्त ५० मिलिमीटरची. आत कॅमेरा, मोटर आणि कॉम्प्युटर. बाकी सगळं फोनवरून.

ती एखाद्या दिशेला वळते, फोटो काढते, प्लेट सॉल्व्ह करून “आपण नेमके कुठे आलो?” हे तपासते, चूक असेल तर सुधारते. मग १०-१० सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचते. त्याला स्टॅकिंग म्हणतात. ६० फोटो, म्हणजे १० मिनिटांत, सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण एका फोटोच्या तुलनेत जवळपास आठ पट सुधारतं. शहरातल्या गच्चीवरूनही तेजोमेघांचे रंग फोनच्या स्क्रीनवर उमटतात ते यामुळे.

पण हे स्पष्ट असू द्या: तुम्ही बघताय तो फोटो आहे. शनीचं कडं स्वतःच्या डोळ्याने बघताना तोंडातून जो “आई शप्पत!” निघतो, तो स्क्रीन बघून निघेलच असं नाही. ग्रहांसाठी ५० मिलिमीटरची लेन्स तशीही लहान पडते. देवयानी दीर्घिकेचं उलट आहे. डोळ्याला आयपीसमध्ये करडा ढग दिसतो, स्मार्ट टेलिस्कोपमध्ये तिचे धुळीचे पट्टे दिसतात.

## आपल्याकडे वापरताना: चार सेटिंग आणि एक यादी

तारीख. हँड कंट्रोलरमध्ये महिना आधी आहे का, ते प्रत्येक वेळी बघा. महिन्याची तारीख १२ च्या पुढे असेल तर यंत्र चूक पकडतं. १२ पर्यंतची असेल तर गुपचूप स्वीकारतं.

टाइम झोन. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. यादीत अर्ध्या तासाचा झोन नसेल तर झोन शून्य ठेवा आणि यूटीसी वेळ भरा. रात्री ८ म्हणजे यूटीसी १४:३०. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते, हे विसरू नका. डेलाइट सेव्हिंग नेहमी बंद.

जागा. पुणे साधारण १८ अंश ३१ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व. फोनचा नकाशा १८.५२ असा दशांशात आकडा दाखवतो. दशांशाला ६० ने गुणा, मिनिटं मिळतात. पूर्व-पश्चिम जरूर तपासा. बऱ्याच यंत्रांत आधीपासून ‘पश्चिम’ निवडलेलं असतं आणि तसंच राहिलं तर दुर्बीण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचं आकाश शोधत बसते.

वीज. पेन्सिल सेल पटकन उतरतात. व्होल्टेज पडलं की मोटर अडखळते, कॉम्प्युटर रीसेट होतो आणि सगळी जुळणी जाते. योग्य क्षमतेची १२ व्होल्टची बॅटरी वापरा. पिनची पोलॅरिटी मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा.

आता यादी. जुळणीचे तारे यंत्र इंग्रजी नावांनी विचारतं. आपल्याला आजीकडून किंवा पंचांगातून यातली बरीच नावं आधीच माहीत असतात, फक्त जोडी लावायची:

- सिरियस – व्याध
- कॅनोपस – अगस्त्य
- आर्क्टुरस – स्वाती
- व्हेगा – अभिजित
- कॅपेला – ब्रह्महृदय
- अल्टेअर – श्रवण
- अल्डेबरान – रोहिणी
- स्पायका – चित्रा
- अँटारेस – ज्येष्ठा
- रेग्युलस – मघा
- पोलारिस – ध्रुव

साधा नियम: थंडीच्या रात्री रोहिणी, ब्रह्महृदय आणि व्याध. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मघा, चित्रा आणि स्वाती. पावसाळा संपता-संपता अभिजित आणि श्रवण. एवढे आठ तारे डोळ्याने ओळखता आले तर कोणतंही यंत्र तुम्हाला फसवू शकणार नाही.

## या दुर्बिणींना काय जमत नाही?

अर्धं आकाश पुरत नाही. कॅमेऱ्याने जुळणी करणाऱ्या बऱ्याच दुर्बिणी आकाशाच्या वेगवेगळ्या भागांचे फोटो घेतात. फ्लॅटच्या बाल्कनीतून एकच कोपरा दिसत असेल किंवा ढग असतील, तर ऑटो अलाइनमेंट फसते. अशा वेळी हाताने दोन तारे देण्याची सोय असेल तर ती वापरा.

अंधार विकत मिळत नाही. शहरात ठळक खुणेचे तारेच कमी, त्यामुळे नकाशा बघून ताऱ्यावरून ताऱ्याकडे जाणं अवघड असतं. तिथे गो-टू खरंच उपयोगी आहे. पण ती दुर्बीण फिकट दीर्घिकेकडे नेईल, दीर्घिका दाखवेल असं नाही. चाळीस हजारांच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी छोट्या दुर्बिणीतून आणि शहराच्या उजेडातून दिसतच नाहीत. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अशा जागी छोटी दुर्बीणही मोठी वाटते.

सूर्य. पुढच्या बाजूला खास सोलर फिल्टर नसेल तर दुर्बीण सूर्याकडे कधीच वळवू नका. ऑटोमॅटिक दुर्बीण एका वस्तूकडून दुसरीकडे जाताना वाटेत सूर्यावरूनही जाऊ शकते. डोळा कायमचा जाऊ शकतो. दिवसा मोटर चालू ठेवून दुर्बीण मुलांच्या हाती सोडू नका.

पावसाळा. जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या अधूनमधून बदला.

## घ्यायची कुठली?

ठरलेल्या बजेटमध्ये पैसे दोनच ठिकाणी जातात: आरशात किंवा कॉम्प्युटरमध्ये. २०० मिलिमीटरचा आरसा १३० मिलिमीटरच्या आरशापेक्षा सुमारे २.४ पट प्रकाश गोळा करतो. हा फरक कोणतंही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही.

- जास्तीत जास्त स्वतःच्या डोळ्याने बघायचंय, आकाश थोडंफार शिकायची तयारी आहे: साधी डॉब्सोनियन, जमलं तर फोनवाल्या पुश-टूसह.
- शहरात राहता, लोकांना दाखवायचंय, ग्रह जागेवर टिकायला हवा: मोटरवाली गो-टू.
- फोटो हवेत, वेळ कमी आहे: स्मार्ट टेलिस्कोप.

जुनी घेत असाल तर एक सावधगिरी: मीड कंपनीचं कामकाज २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे तिच्या हँड कंट्रोलर आणि बोर्डांचे सुटे भाग मिळणं अवघड झालंय. कोणतीही जुनी दुर्बीण घेताना दोन्ही अक्षांवर मोटर फिरवून बघा आणि नळी हाताने हलकेच हलवून गिअरमध्ये किती प्ले आहे ते तपासा.

आणि घेण्याआधी एकदा तरी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात १९४४ पासून चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईत खगोल मंडळ यांसारख्या संस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतात. तिथे एका रात्रीत चार प्रकारच्या दुर्बिणी हाताळायला मिळू शकतात.

## नेहमीचे प्रश्न

इंटरनेट लागतं का? बहुतेक वेळा नाही. ताऱ्यांची यादी यंत्रात किंवा अ‍ॅपमध्येच असते. पण किल्ल्यावर किंवा रानात जाण्याआधी अ‍ॅप घरी उघडून सगळं डाउनलोड झालंय ना ते बघा.

ध्रुव तारा दिसणं गरजेचं आहे का? आडव्या-उभ्या फिरणाऱ्या माउंटला नाही. इक्वेटोरियल माउंटचा अक्ष मात्र ध्रुवाकडे लावावा लागतो. मुंबई-पुण्यात ध्रुव जेमतेम १८-१९ अंश वर असतो आणि नागपुरात २१. बऱ्याचदा तो समोरच्या इमारतीमागे जातो.

घरी बनवता येते का? हो. ‘ऑनस्टेप’ हा ओपन सोर्स प्रकल्प छोट्या मायक्रोकंट्रोलरवर गो-टू चालवतो आणि ‘पायफाइंडर’ रास्पबेरी पायवर कॅमेऱ्याने प्लेट सॉल्व्हिंग करतो. कोड वाचायची आवड असेल तर जरूर बघा.

## शेवटी

त्या रात्री तारीख सुधारली, रोहिणी आणि ब्रह्महृदय असे दोन तारे दिले आणि दहा मिनिटांत गुरू आयपीसच्या मधोमध आला, चार चंद्रांसकट. पहिला नंबर अर्थातच त्या बोट दाखवणाऱ्या मुलीचा लावला. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. दुर्बीण सुरू करण्याआधी दोन मिनिटं नुसतं वर बघायचं आणि आज कोण कुठे आहे ते डोळ्याने हेरून ठेवायचं. मग यंत्र “ज्येष्ठा दाखव” म्हणालं की आपल्याला लगेच कळतं, डिसेंबरात ज्येष्ठा कुठून येणार?